'सायकल काय वाहन आहे का?' : त्र्यंबक रोडवरच्या एका अपघाताच्या निमित्ताने

सातपूरच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांचे वडील ५८ वर्षांचे, शरणपूर रोडवरच्या एका सोसायटीत एजन्सीमार्फत वॉचमन आहेत. रात्री दहाला ड्युटी संपवून त्र्यंबक रोडने सायकलवर घरी निघाले होते. आयटीआय सिग्नलच्या अलीकडे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या चारचाकीचं दार चालकाने एकदम उघडलं. सायकलची डावी मूठ दारावर आदळली, वडील रस्त्यावर पडले. कॉलर बोन मोडलं, मनगटालाही फ्रॅक्चर आहे. चालक खाली उतरून म्हणाला, "सायकल काय वाहन आहे का? ना नंबर, ना लायसन्स, ना इन्शुरन्स. कायद्यात बसतच नाही, भरपाई कसली मागता?" ठाण्यातही 'आपसात मिटवून घ्या' असाच सूर लागला. ताई विचारतात, सायकल कायद्याने वाहन आहे की नाही? आणि नसेल, तर वडिलांना हक्क आहे की नाही?

ताई, हक्क आहे. पूर्ण आहे. हे आधी सांगतो, कारण चालकाच्या त्या एका वाक्यावर माणसं घरी बसतात. नाशिकच्या कोर्टात मोटार अपघाताचे दावे चालवताना गेल्या सव्वीस वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचा उलगडा एकदा नीट करायलाच हवा.

मोटार वाहन कायदा, १९८८ यातलं कलम २(२८) उघडलं की चालक म्हणतो त्यातला खरा भाग सापडतो. तिथे 'मोटार वाहन' आणि 'वाहन' या दोन शब्दांची व्याख्या एकच आहे: यंत्रशक्तीने चालणारं, रस्त्यावर वापरण्याजोगं वाहन. सायकलला चेन आहे, गिअर आहेत, पण ती ओढणारी ताकद माणसाच्या पायांची आहे. त्यामुळे ती या व्याख्येत येत नाही. चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन असलेलं वाहनसुद्धा या व्याख्येने वगळलंय, मग सायकलचं काय घेऊन बसलात. म्हणून तिला आरटीओची नोंदणी नाही, लायसन्स नाही, सक्तीचा विमा नाही, पीयूसी नाही. कलम १२९ मधली हेल्मेटची सक्तीही मोटार सायकलवर बसणाऱ्याला आहे, सायकलवर बसणाऱ्याला नाही.

पण त्याच कायद्याच्या कलम १३८ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने पोटकलम (१क) आलं. रस्ता सुरक्षेसाठी राज्य सरकारला 'यंत्रशक्तीने न चालणारी वाहनं' आणि पादचारी यांच्याविषयी नियम करता येतील, असं ते म्हणतं. म्हणजे एका पानावर 'वाहन म्हणजे यंत्रशक्तीचं', आणि पुढे त्याच कायद्यात 'यंत्रशक्तीचं नसलेलं वाहन' असा शब्दप्रयोग. सायकल, हातगाडी, बैलगाडी यांच्याखेरीज हा शब्द कुणाला लागणार? कायदा करणाऱ्यांनाही सायकल 'वाहन' म्हटल्याशिवाय पुढे जाता आलं नाही, असंच मी याचं वाचन करतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना हे नियम सहा महिन्यांत करायला सांगितलं. ते नियम सायकलवाल्यांना विचारून व्हावेत, त्यांना रस्त्यावरून हाकलण्यासाठी होऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं.

आता दुसरं पुस्तक घ्या. महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१. त्यातल्या 'वाहन' शब्दाच्या व्याख्येत गाडी, छकडा, हातगाडी यांच्या जोडीला सायकल आणि तीनचाकी सायकल नाव घेऊन घातली आहे. तिथे वादच नाही. कलम ३३ खाली पोलीस आयुक्तांना रस्त्यावरच्या रहदारीचे नियम करता येतात, आणि त्यात चालणारे, गाडी हाकणारे, सायकलवाले, गुरं घेऊन जाणारे, सगळे येतात. वाहनांना दिवे किती, कुठे आणि कोणत्या वेळेत हवेत, हेही याच कलमातून ठरतं. कलम ९९ सांगतं की वाहन रस्त्याच्या डाव्या बाजूनेच चालवायचं. म्हणून कॉलेज रोडला राँग साइडने येणारा सायकलवाला 'माझं काय, माझी सायकल आहे' असं म्हणू शकत नाही. सिग्नल तोडल्याचं ई-चलन त्याला येत नाही, कारण नंबरप्लेट नाही आणि मोटार वाहन कायद्यातलं ते कलम मोटारचालकाला लागतं. पण पोलिसाचा योग्य आदेश पाळणं कलम ६८ ने त्यालाही बंधनकारक आहे.

महापालिकेच्या कायद्यातही तेच. १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातल्या 'वाहन' या शब्दात सायकल येते. माझ्या वडिलांच्या सायकलच्या हँडलला नगरपालिकेच्या कराचा पत्र्याचा बिल्ला असायचा, दर वर्षी नवा. बिल्ला नसला, रात्री डायनामोचा दिवा लागला नाही, किंवा डबलसीट दिसली की पोलीस थांबवायचा. कर घेताना आणि दंड करताना सायकल वाहन होतीच की. मग तिला ठोकल्यावरच ती वाहन कशी राहत नाही?

हा वाद फक्त आपल्याकडचा नाही, आणि खूप जुना आहे. इंग्लंडमध्ये १८३५ च्या हायवे कायद्यात 'गाडी' बेफाम हाकणं गुन्हा होता. तेव्हा पायडलची सायकल अस्तित्वातच नव्हती. लंडनमधल्या मसवेल हिलच्या उतारावरून एकाने सायकल बेफाम सोडली, त्याला दंड झाला, आणि तो वर गेला: सायकल ही 'गाडी' कुठे आहे? १८७९ च्या टेलर विरुद्ध गुडविन या निकालात कोर्टाने सांगितलं, आहे. पुढे १८८८ च्या कायद्याने तिथे सायकलला गाडीचा दर्जा स्पष्ट शब्दांत दिला.

आपल्याकडे यासाठी वेगळा निकाल शोधत बसावं लागत नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम २७९ मध्येच सार्वजनिक रस्त्यावर 'कोणतेही वाहन' हयगयीने किंवा बेदरकारपणे चालवणं, अथवा तशी स्वारी करणं, हा गुन्हा होता. 'मोटार' हा शब्द तिथे नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम २८१ झालं: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे कलम सायकलवाल्यालाही लागतं. रविवार कारंजाच्या गर्दीत सायकल दामटून कुणा आजींना पाडलं, तर 'माझं वाहन नाही' हा बचाव चालणार नाही. आजींच्या बाजूने एक अडचण मात्र खरी आहे. सायकलने झालेल्या इजेसाठी मोटार अपघात न्यायाधिकरणात जाता येत नाही, कारण तिथे मोटार वाहनाच्या वापरातून झालेला अपघात लागतो. नुकसानभरपाईसाठी दिवाणी दावाच करावा लागतो, आणि मागे विमा कंपनी नसते.

आता तुमच्या वडिलांकडे येतो. कायद्याचा सगळा भार इथेच आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली न्यायाधिकरणात प्रश्न विचारला जातो तो असा: अपघात मोटार वाहनाच्या वापरातून झाला का? ज्याला लागलं तो कशावर बसला होता, हे कुणी विचारत नाही. पायी चालणारा, बैलगाडीतला, पानटपरीसमोर उभा असलेला, सायकलवरचा, सगळे विम्याच्या भाषेत 'त्रयस्थ', म्हणजे थर्ड पार्टी. त्या चारचाकीचा थर्ड पार्टी विमा कलम १४६ आणि १४७ प्रमाणे अशाच माणसांसाठी सक्तीचा केलेला आहे. चालक म्हणाला 'तुमचा इन्शुरन्स नाही'. बरोबर, वडिलांना तो लागतच नाही. लागतो त्याचा.

पुढचा मुद्दा तो नक्की काढेल: 'गाडी तर उभी होती, मी चालवतच नव्हतो.' यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा शिवाजी दयानू पाटील हा निकाल आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. १९८७ साली सातारा जिल्ह्यात महामार्गावर ट्रकशी टक्कर होऊन पेट्रोलचा टँकर उलटला. पहाटेचा अपघात, आणि स्फोट झाला साधारण चार तासांनी. जमलेले गावकरी त्यात गेले. टँकर तेव्हा जागेवर पडून होता, तरी हा वाहनाच्या 'वापरातून' झालेला अपघातच आहे, असं न्यायालयाने धरलं, कारण 'वापर' या शब्दाचा अर्थ रुंद आहे. चालक ज्या गाडीतून उतरतोय तिचं दार रहदारीच्या बाजूला उघडणं तर त्याहून कितीतरी जवळचा वापर आहे. आरशात न बघता दार उघडणं ही हयगय आहे. २०१७ च्या वाहनचालन नियमावलीत तर चालकांना पादचारी, सायकलस्वार, लहान मुलं आणि वृद्ध यांच्याबाबत विशेष खबरदारी घ्यायला सांगितलंय.

तक्रार नोंदवून घेत नसतील तर हाड मोडल्याचा एक्स-रे घेऊन जा. भारतीय न्याय संहितेत हाड मोडणं ही 'गंभीर दुखापत' आहे. कलम २८१ सोबत कलम १२५(ब) लागतं, ज्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. हा दखलपात्र गुन्हा आहे, त्याला 'किरकोळ' म्हणून मिटवायला सांगता येत नाही. ठाण्यात ऐकलं नाही तर लेखी अर्ज थेट पोलीस उपायुक्तांच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या.

दाव्याचं खरं भवितव्य मात्र कलमांवर कमी आणि दवाखान्याच्या केसपेपरवर जास्त ठरतं. ही गोष्ट मी एका जुन्या प्रकरणात महागात शिकलो. अंबडच्या एका कारखान्यातला कामगार, असाच सायकलवर, टेम्पोचा धक्का लागून पडला. ज्यांनी उचलून नेलं त्यांनी घाईत डॉक्टरांना सांगितलं, 'सायकलवरून पडले.' केसपेपरवर तेवढंच लिहिलं गेलं. दोन वर्षांनी विमा कंपनीच्या वकिलांनी तो एकच कागद पुढे केला: यात टेम्पो कुठे आहे? आमची बाजू वाचली ती घटनास्थळाच्या पंचनाम्यामुळे. पंचनाम्यात पोलिसांच्या नेहमीच्या भाषेत लिहिलं होतं, 'एक काळ्या रंगाची सायकल, जु.वा., मागील चाक वाकलेले', आणि खाली एक ओळ होती: मागच्या मडगार्डवर निळ्या रंगाचे ओरखडे. टेम्पो निळा होता. जुनी वापरती सायकल, तिची किंमत कुणी हजार रुपयेही केली नसती. त्या ओरखड्यांनी त्या माणसाच्या पायाची भरपाई मिळवून दिली.

म्हणून तुमच्या वडिलांच्या एमएलसीवर (पोलीस प्रकरणासाठी दवाखान्यात होणारी नोंद) आणि केसपेपरवर 'उभ्या कारचे दार लागून' असं लिहिलंय का, ते आजच बघा. नसेल तर ज्या डॉक्टरांनी दाखल केलं त्यांना भेटून, पोलिसांचा जबाब दाखवून, खुलासा नोंदवायला सांगा. मूळ कागदावर खाडाखोड करू देऊ नका, ती नंतर आपल्यावरच उलटते.

दुसरा मुद्दा दिव्याचा. रात्रीचे दहा वाजले होते, सायकलला दिवा नव्हता असं तुम्ही लिहिलंय. विमा कंपनी 'अंशतः चूक तुमचीही' असं म्हणेल आणि भरपाईतून काही टक्के कापायची मागणी करेल. हा मुद्दा फुकटचा नाही, त्याला उत्तर द्यावंच लागतं. पण नुसता दिवा नव्हता एवढं पुरेसं नाही, दिवा नसल्यामुळेच अपघात झाला हे त्यांना दाखवावं लागतं. त्र्यंबक रोडला पथदिवे चालू होते का, मागच्या मडगार्डवर लाल रिफ्लेक्टर होता का, चालकाने आरशात बघितलं होतं का, हे प्रश्न तिथे कामाला येतात. जवळच्या दुकानांचं सीसीटीव्ही फुटेज मागायचं असेल तर उद्याच मागा. बऱ्याच ठिकाणी ते काही दिवसांत पुसलं जातं. हेल्मेट नव्हतं असा मुद्दा आला तर तो सरळ खोडा: कायद्याने सायकलस्वाराला ते सक्तीचं नाही, आणि खांद्याच्या हाडाला हेल्मेटने काही फरक पडला नसता.

दिव्याविषयी एक बोलतोच. गंगापूर धरणाच्या रस्त्याला पहाटे निघणारे आपले सायकलिस्ट हेल्मेट, पुढचा पांढरा आणि मागचा लुकलुकणारा लाल दिवा लावून जातात. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली तेव्हापासून नाशिकला सायकलचं शहर म्हणायची पद्धत पडली, आणि त्याचा मलाही अभिमान आहे. पण माझ्या कपाटातल्या फायली त्या सायकलींच्या नाहीत. त्या सातपूर-अंबडच्या शिफ्टच्या, वॉचमनच्या, दूधवाल्यांच्या, पेठ रोडने भाजी घेऊन येणाऱ्यांच्या आहेत. रात्री दहाला आणि पहाटे पाचला रस्त्यावर असतात ते हेच, आणि दिवा नसतो तोही यांच्याच सायकलला. सोसायट्यांनी आणि एजन्स्यांनी आपल्या वॉचमनला गणवेशासोबत एक साधा मागचा दिवा द्यावा. दीडदोनशे रुपयांत येतो.

सायकल ट्रॅकचा प्रश्नही कोर्टात निघतो. जिल्हा न्यायालयाच्या फाटकातून बाहेर पडलं की स्मार्ट रोड आहे, त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ, १.१ किलोमीटर. त्याला सायकल ट्रॅक केलेला आहे. त्या ट्रॅकवर मी स्वतः दुचाकी उभ्या केलेल्या पाहतो, कधी रिक्षा. मग सायकलवाला मुख्य रस्त्यावर उतरला म्हणून त्याला दोष देणारा युक्तिवाद ऐकला की मला खरंच राग येतो. अडवलेल्या ट्रॅकचे फोटो, तारीख-वेळेसकट, अशा प्रकरणात उपयोगी पडतात. तुमच्या प्रकरणात ट्रॅकचा प्रश्न नाही. वडील रस्त्याच्या डाव्या बाजूने, उभ्या गाड्यांना वळसा घालून जात होते. दुसरीकडून जाणार कुठून?

एक फाटा सांगून टाकतो, कारण याच्या उलट चूक हल्ली घरोघरी होते. 'लायसन्स लागत नाही' म्हणून विकली जाणारी प्रत्येक बॅटरीची गाडी सायकल नसते. मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, ब्रेक आणि रिफ्लेक्टर असतील, आणि मान्य चाचणी संस्थेचं तसं प्रमाणपत्र असेल, तरच ती मोटार वाहन कायद्याच्या बाहेर राहते. दुकानात वेग अडवणारं कंट्रोलरचं लॉक काढून ती ४५ ने पळायला लागली की ती मोटार वाहन झाली: नोंदणी, विमा, लायसन्स सगळं लागू. घरातलं अल्पवयीन मूल ती चालवत असेल तर कलम १९९क खाली पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. बारावीतल्या मुलाला अशी गाडी घेऊन देण्याआधी प्रमाणपत्र हातात घेऊन वाचा.

पैशांचं सांगतो. कलम १६४ खाली गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात, आणि त्यात चालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. पण ती रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा दावा संपतो. वडिलांचा खांदा पूर्ण भरून येणार असेल तर ही रक्कम वाईट नाही. कायमचं अपंगत्व राहणार असेल तर घाई करू नका, आधी जिल्हा रुग्णालयातून अपंगत्वाचं प्रमाणपत्र घ्या आणि मग ठरवा. कलम १६६ चा दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करायचा आहे. तुम्ही सातपूरला राहता आणि अपघातही नाशिकमध्येच झालाय, तेव्हा दावा इथल्याच न्यायाधिकरणात चालेल. पोलिसांनीही सविस्तर अपघात अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. त्याची प्रत मागा.

उपचारांचा खर्च सुरुवातीला खिशातून झाला असेल. २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे: मोटार वाहनाच्या अपघातातल्या जखमीला ठरलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार. सायकलस्वारही तिच्यात येतो, कारण इथेही प्रश्न तोच, अपघात मोटार वाहनाने झाला का. शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही हे सांगून ठेवा, पहिल्याच दिवशी रुग्णालयात विचारावं लागतं.

वडील एजन्सीमार्फत कामाला आहेत, म्हणजे कदाचित ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल. पगाराच्या पावतीवर बघा. कामावरून घरी येतानाचा अपघात ईएसआय कायद्याच्या कलम ५१-ई प्रमाणे कामावरचा अपघात धरता येतो. पण तिथून लाभ घेतला की कलम ५३ पुढे करून दुसरीकडे हरकत घेतली जाते. म्हणून ईएसआयकडे अर्ज करण्याआधी दोन्ही कागद एकाच वकिलाला एकत्र दाखवा. पगाराची पावती नसेल तर बँकेचं पासबुक, सोसायटीचं ड्युटी रजिस्टर, अध्यक्षांचं पत्र, जे मिळेल ते जमवा. उत्पन्नाचा पुरावा नसला की भरपाईचा आकडा खाली येतो.

आणि सायकल दुरुस्तीला दिली नसेल तर अजिबात देऊ नका. डावी मूठ, ब्रेकची लिव्हर आणि पुढचं चाक यांचे जवळून फोटो काढा, मुठीवर दाराचा रंग लागलाय का ते उजेडात नीट बघा. पंचनामा झाला नसेल तर तपासी अंमलदाराला लेखी कळवा की सायकल आहे त्या स्थितीत आहे, येऊन बघावी. तोवर ती पावसात ठेवू नका, जिन्याखाली गोणपाट टाकून झाकून ठेवा.